थोरल्याची धून

थोरल्या भावाच्या राहत्या गाडीला लावलेल्या आगीत मिशो त्याचे कपडे भिरकावत होता, तेवढ्यात जर्मन शिपायांनी आईला केसांना धरून फरफटत आणलं. कालच त्यांनी पॅरिसच्या वेशीवरच्या या जिप्सी तळावर थोरल्याला गोळ्या घातल्या होत्या. मेल्या माणसाचं सारं जाळायचं, त्याची धून वाजवायची नाही, त्याचं नावही पुन्हा तोंडातून काढायचं नाही, अशी जिप्सींची रीत.

अधिकाऱ्यानं थोरल्याची गिटार मिशोच्या छातीवर आदळली. "तुझा भाऊ कॅफेत वाजवायचा ती जॅझची धून ऐकव. नाहीतर म्हातारी गेलीच म्हणून समज."

"मिशो, मला मरू दे," कानशिलावर बंदूक असतानाही आई ओरडली. "वाजवू नकोस!"

मिशोनं वाजवली. बोटं फुटेस्तोवर वाजवली. अधिकाऱ्यानं बुटानं ठेका धरला आणि जाताना तोच बूट आईच्या तोंडावर हाणला.

रक्त थुंकत ती उठली. थोरल्याची गिटार तिनं आगीत फेकली. मग मिशोची स्वतःची उचलली.

"आई, ती माझी आहे!"

"माहीत आहे."

तीही तिनं आगीत घातली, आणि त्यानंतर मिशोचं नावही तिच्या तोंडून कधीच निघालं नाही.