५.३ ग्रॅम

“आठ पॉइंट तीन?” रसायनशास्त्राच्या बाईंनी वही अख्ख्या वर्गाला दाखवली. “अहो महाराणी, बर्नर पेटवला होतात, की नुसतीच फुंकर घातलीत?”

वर्ग खो खो हसला. शेवटच्या टेबलाजवळची मुलगी चिमट्यात चिनीमातीची बशी धरून उभी होती.

“पेटवला होता, बाई. तीनदा तापवलं. वजन पुढे कमीच होत नाही.”

“होत नाही म्हणे! फळ्यावर काय लिहिलंय ते वाचता येतं ना?”

फळ्यावर सगळं ठसठशीत होतं. एकशे अडुसष्ट ग्रॅम खायचा सोडा तापवला की वाफ आणि वायू उडून जातात, मागे एकशे सहा ग्रॅम धुण्याचा सोडा उरतो. म्हणजे ८.४ ग्रॅमचे उरणार ५.३. साधं त्रैराशिक. खाली बाईंनी चौकट आखून लिहिलं होतं, ‘माझे प्रात्यक्षिक – ५.३ ग्रॅम’.

“एकोणतीस जणांना ५.३ येतं आणि तुझ्यापुरतं रसायनशास्त्र बदलतं?” बाईंनी लाल पेनाने भलंमोठं शून्य काढलं. हे गुण वार्षिक निकालात धरले जाणार होते.

“लिहून टाक ना ५.३,” शेजारणीने कोपर मारलं.

“आलंच नाही तर कसं लिहू?” मुलगी म्हणाली.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे काका सामान आवरायला आले. त्यांनी सोड्याची बाटली उचलली, चिठ्ठी वाचली आणि तिथेच थबकले.

“बाई, ही दिलीत होय मुलांना? यात कालच्या तुकडीचं तापवून झालेलं आहे. तुम्हीच म्हणालात, टाकू नका, भरून ठेवा. नवी बाटली कपाटात आहे. आणू का?”

तापवून झालेलं पुन्हा तापवून काय डोंबल कमी होणार होतं! आज कुणाच्याच बशीत ५.३ येणं शक्य नव्हतं. एकोणतीस माना वह्यांत गेल्या. मागून खोडरबराचा आवाज यायला लागला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मुलीच्या वहीतलं शून्य खोडलं, दहापैकी दहा लिहिले.

“चुकलं माझं,” त्या कशाबशा म्हणाल्या.

मुलीने डोळे पुसले. फळ्यावरच्या चौकटीकडे बघत तिने अगदी साधेपणाने विचारलं, “बाई, मग तुमचं बरोबर कसं आलं? तुम्ही नव्या बाटलीतला घेतला होतात का?”

सकाळपासून बाईंनी बर्नरला हातसुद्धा लावला नव्हता. गणिताचं उत्तर चौकटीत उतरवून काढलं होतं, दरवर्षीसारखं. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलंही.

“हो,” त्या म्हणाल्या. “नव्यातलाच.”

काकांनी नवी बाटली आणून टेबलावर, मुलीच्या पुढ्यातच ठेवली. झाकणावरचं सील शाबूत होतं.

मुलीने ते पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.