घरचा नंबर

"काकू, अजिबात घाबरायचं नाही. मी आहे ना," फोनमधला पोरगा म्हणाला, आणि मावशीच्या हातातली इस्त्री थांबली.

आवाज तो नव्हता, पण गोडवा तोच होता. तोच चिकट, पाकात घोळलेला गोडवा. समोर ताई कॉम्प्युटरपुढे बसली होती. फोन स्पीकरवर ठेवून शहाण्या मुलीसारखी तो सांगेल ते बटण दाबत होती.

"लाल खुणा दिसताहेत ना काकू? ते सगळे व्हायरस. तुमच्या कॉम्प्युटरच्या सुरक्षेची वर्गणी आज आपोआप नव्याने भरली जातेय. आपण ती रद्द करू, म्हणजे खात्यातून पैसे जाणार नाहीत."

"ताई, ठेव तो फोन!" मावशी ओरडली.

"अगं थांब ना. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे आहेत खात्यात."

"तेच न्यायला आलाय तो!"

ताईने हाताने तिला गप्प बसवलं. तुझं जे झालं ते झालं, मला काही तू अक्कल शिकवू नकोस, असा तो हात होता. मावशीला तो झोंबला. पण खोटं काय होतं त्यात?

गेल्या वर्षी तिला असाच फोन आला होता. अशाच लाल खुणा दाखवल्या होत्या. त्या खुणा कुठल्याही धडधाकट कॉम्प्युटरात असतात हे तिला नंतर दुरुस्तीवाल्याने सांगितलं. तोवर जन्मभर चालवलेली लाँड्री विकून आलेला पैसा गेला होता. पडद्यावर बाण आपला आपण फिरत होता आणि ती कौतुकाने बघत बसली होती. चोराला ती 'बाळा' म्हणाली होती. देव तुझं भलं करो, असंही म्हणाली होती. हे आठवलं की तिला त्या पोराइतकीच स्वतःचीही किळस यायची.

मग भाच्याने, ताईच्या लेकाने, तिला इथे आपल्या घरी आणलं. पोरगा लाखात एक. मागची खोली रंगवून दिली, नवा चष्मा करून दिला, कधी एका शब्दाने टोचलं नाही. ती पोलिसांत जायला निघाली तेव्हा त्यानेच समजूत घातली होती, "मावशी, तिथे तुझंच हसं होईल. विसरून जा." कुठल्याशा कंपनीच्या ग्राहकसेवेत तो साहेब होता. हाताखाली बरीच पोरं होती. त्याच्या उपकारांची निदान एवढी तरी फेड व्हावी म्हणून मावशी रोज त्याचे शर्ट इस्त्री करायची. कॉलरवर सुरकुती राहिलेली तिला खपत नसे.

"आता एक छोटंसं ॲप घ्या काकू, म्हणजे तुमचा पडदा मला इथून दिसेल. फोन ठेवायचा नाही हं. आणि घरी कुणाला सांगू नका, मुलं उगाच चिडतात."

मावशीने इस्त्री उभी केली, टेबलाखाली वाकली आणि कॉम्प्युटरची वायर खेचून काढली. पडदा काळा पडला.

"अगं, काय केलंस हे!"

"कुठली कंपनी आपणहून फोन करून सांगते की तुझा कॉम्प्युटर बिघडलाय? आणि घरच्यांना सांगू नका म्हणणारा कधी भला असतो का?" मग ती फोनवर वाकली. "लाज नाही वाटत रे मेल्या? आई आहे ना तुला?"

पोरगा चिडला नाही, त्याने फोनही ठेवला नाही. "काकू, त्या बाईंना जरा बाहेर पाठवता का?" तो तितक्याच लाडाने म्हणाला. "नाहीतर तुमचं नुकसान होईल हो."

मावशीला शिसारी आली. उष्ट्यात बुडाल्यासारखा तिने हात पदराला पुसला.

आवाजाने भाचा उठून बाहेर आला. आज त्याची सुट्टी होती. बनियनवरच, डोळे चोळत दारात उभा राहिला. त्याला पाहताच ताईला रडू फुटलं. "अरे बघ ना, माझे पैसे चाललेत म्हणतोय."

मावशीला हायसं वाटलं. "घे बाबा, चांगली खरडपट्टी काढ त्याची."

भाच्याने फोन उचलला. ना शिवी, ना चढा आवाज. जांभई आवरत, हाताखालच्या माणसाशी बोलावं तसा तो बोलला.

"माझ्या घरचा नंबर आहे हा. परत लावायचा नाही."

पलीकडचा गोडवा तिथल्या तिथे आटला.

"सॉरी सर," पोरगा चाचरत म्हणाला. "कळलं नाही सर. परत नाही होणार."

फोन बंद झाला. ताईने डोळे पुसले. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. "बघितलंस? माझ्या लेकाचा आवाज ऐकून कशी गाळण उडाली मेल्याची!"

भाच्याने हात पुढे केला. "शर्ट झाला का गं मावशी?"

शर्ट झाला होता. अजून गरम होता. मावशीने तो दोन बोटांनी उचलला, त्याच्या हातात दिला नाही, जमिनीवर सोडला.

"आणि माझा नंबर," तिने विचारलं, "तो कुणाच्या घरचा होता रे?"