भिंतीतला करंट

खोली दोन दिवस मोकळी करून द्या, असं वायरमननं दारातूनच सांगितलं, तेव्हा शांतानं उत्तर म्हणून खोलीच्या मधोमध बैठक मारली.

तिला काही करंटची हौस नव्हती. परवाच ओल्या हातानं झारा अडकवायला गेली, तर भिंतीतल्या खिळ्यानं असं झटकलं की अर्धा दिवस हाताच्या मुंग्या जाईनात. पण चाळीच्या मालकानं आपणहून वायरमन धाडला, हे तिला त्या झटक्यापेक्षा जास्त लागलं होतं. दोन वर्षं गळकी मोरी बघायला न आलेल्या माणसाला एकाएकी भाडेकरूंचा पुळका कुठून आला? तिचा नवरा शिवा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला, त्याला महिना होत आला होता. खोली त्याच्या नावावर, आणि तो तुरुंगात. करी रोडच्या याच चाळीत खालच्या मजल्यावरचा दगडू दुरुस्तीपुरता चार दिवस माटुंग्याला मेहुण्याकडे गेला, तेवढ्यात मालकाच्या माणसाची ट्रंक त्याच्या खोलीत येऊन बसली. ट्रंकेमागून तो माणूस आला. दगडू अजून मेहुण्याकडेच आहे.

"मी इथनं हलणार नाय," शांता म्हणाली. "काय फोडायचं ते माझ्या डोक्यावर फोडा."

वायरमननं, त्याचं नाव रमाकांत, जास्त वाद घातला नाही. बाहेरचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि भिंत फोडायला घेतली. चुना शांताच्या केसांत पडत होता. डोळ्यांत जाईल, जरा बाहेर बसा, असं तो दोनदा म्हणाला. गोड बोलून उठवायला बघतोय, असं म्हणून तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. शेजारच्या कमलनं भाकरी आणून दिली, ती तिनं तिथंच खाल्ली. मग कुजक्या तारा ओढता ओढता रमाकांतनं सहज विचारलं, तुमचे यजमान कधी सुटून येणार? झालं, शांताचे कान टवकारले. आज-उद्या येतील, असं तिनं ठोकून दिलं. मेहताजीही तेच विचारत होते, असं म्हणून त्यानं पुढची तार ओढली. मेहताजी म्हणजे मालकाचा कारभारी. शांतानं मांडी आणखी घट्ट घातली. हाही त्यातलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. फ्यूज बसला, दिवा लागला. रमाकांतनं खिळ्याला आणि भिंतीला उलटा हात लावून दाखवला. शांताचा त्याच्यावर कसला विश्वास! तिनं उठून स्वतः पंजा टेकला. भिंत नुसती गार होती.

तोच जिन्यात पावलं वाजली. मेहताजी आले, आणि त्यांच्यामागं हमाल. हमालाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक होती.

"झालं ना काम?" मेहताजी उंबऱ्यातून म्हणाले. "ही दोन दिवस कोपऱ्यात राहू दे, बाई. मालकाचंच सामान आहे."

दोन दिवस जागा धरून बसली, ती यासाठी?

रमाकांत पक्कड पिशवीत टाकत होता. त्यानं ती पुन्हा बाहेर काढली.

"काम कुठं झालंय, मेहताजी? करंट सगळ्या भिंतीत उतरलाय. आणि तुमची ट्रंक पत्र्याची."

हमाल एक पायरी खाली उतरला. मेहताजींनी रमाकांतकडं बघितलं, जळणाऱ्या दिव्याकडं बघितलं. त्यांचा काही विश्वास बसलेला दिसला नाही.

"काय गं," त्यांनी शांताला विचारलं, "खरंच आहे का करंट?"

शांतानं भिंतीवरचा पंजा हळूच काढून पदराआड नेला आणि बाजूला सरून त्यांना वाट करून दिली.

"या की आत," ती म्हणाली. "हात लावून बघा."