हलक्या गोळीची शिकार

जखमी केलेल्या जीवाला अर्ध्या वाटेवर सोडणे हे त्याला मारण्याहून मोठे पातक आहे, हे त्र्यंबकराव जाणून होते.

परवाना काढून शिकार करण्याचे ते दिवस होते. त्यांची रायफल हलक्या गोळीची. सांबरासारख्या थोराड जनावरासाठी चाळीस पावलांच्या आत जाणे आवश्यक. परंतु साठीतले गुडघे चढणीवर थकले, आणि त्यांनी शंभर पावलांवरूनच चाप ओढला.

तेव्हापासून ते रक्ताच्या थेंबांमागे धावत होते. तीनदा सांबर झुडपात बसलेले दिसले, आणि तिन्ही वेळा नेम धरण्यापूर्वीच उठून दरीत उतरले.

"बसा आता, साहेब," वाटाड्या सोमजी म्हणाला.

"त्याचे हाल होत आहेत, आणि मी बसू?"

"हाल तुमीच करून राहिले. तुमचा पाय वाजला का ते उठते. निवांत सोडलं, तर एका जागी पडून राहीन. दया करा, पन बसून करा."

त्र्यंबकराव सागाच्या बुंध्याशी टेकले. तासभर काहीही न करणे त्यांना त्या चढणीहून अवघड गेले.

मग दोघे अनवाणी निघाले. सांबर ओढ्याकाठी मान टाकून पडले होते. या वेळी ते उठले नाही. दहा पावलांवरून एकच गोळी पुरली.

सोमजीने ओंजळभर पाणी त्याच्या तोंडात सोडले. "सुटलं," तो म्हणाला, आणि तिथेच मटकन बसला. त्र्यंबकरावही शेजारी बसले.

तिघेही फार थकले होते. तिघांनाही विसावा लाभो.