डावी कंबर

सुकरीनं ओळीत उभ्याउभ्याच रोशनचा पाय पुन्हा चाचपून पाहिला. मांडी, गुडघा, नडगी, घोटा. सूज नव्हती. दाबल्यावर तो रडतही नव्हता, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती. रडला असता तर कुठं दुखतं ते तरी कळलं असतं.

गावच्या शाळेत शिबिर होतं. लहान पोरांची हाडं, सांधे तपासायला धानोऱ्याहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वर्गातले बाक व्हरांड्यात काढले होते आणि बाया आपापली लेकरं घेऊन त्यांवर टेकल्या होत्या. सुकरी बसली नाही. बसलं की रोशन खाली उतरायला बघायचा, आणि खाली त्याचे पाय शिजलेल्या शेंगेसारखे मऊ पडतील असं तिला वाटायचं.

दीड वर्षाचा झाला होता तो, तरी अजून चालत नव्हता. त्याच्याच बरोबरीची बुधरीची पोर कोंबड्यांमागे पळायची.

कारण गावात फक्त सुकरीला ठाऊक होतं.

होळीच्या आसपासची गोष्ट. उजाडता उजाडता ती मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत होती. रोशन नेहमीसारखा डाव्या कमरेवर, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं बांधलेला. गाठ सैल झाली. तिचे दोन्ही हात टोपलीत होते. पोरगं धपकन मुळावर आदळलं. आधी आवाजच निघाला नाही, मग केवढ्यानं तरी रडलं. तिनं त्याला छातीशी धरून चहूकडे पाहिलं. बाकीचे दूरच्या झाडांखाली होते. कोणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून दिवसभर तिनं त्याला जमिनीला लागू दिलं नव्हतं. पाणी आणताना नाही, भाकर खाताना नाही.

घरी सांगायची सोय नव्हती. बापाच्या कानावर गेलं असतं तर त्यानं पाठीची साल काढली असती. घरातल्या म्हातारीनं विळा तापवून पोराच्या गुडघ्याला डाग दिला असता. आणि डोळ्यांपुढे सारखा पोचू यायचा. लहानपणी झाडावरून पडलेला, हाड वाकडं जुळलेलं, अजूनही काठीवर एक पाय ओढत बाजाराला जाणारा पोचू.

"एवढा घोडा कमरेवर काऊन घेऊन राह्यलीस?" शेजारून नजमा म्हणाली. ती बाजाराला बांगड्या घेऊन यायची. तिच्या मांडीवर प्लास्टर घातलेला बिलाल होता. "सोड ना त्याले खाली."

"खाली इंचू असतेत."

"शाळेत इंचू? इथी मास्तर सोडून कोणी डंख मारत नाई बाप्पा!"

बाया हसल्या. मास्तर, गुणवंतराव, दारातच उभे होते. ते सुकरीकडे पाहू लागले तशी ती खांबामागे सरकली.

नंबर आला. नर्सनं कागद पुढं ओढला. "लेकराचं नाव?"

"रोशन."

"सोबत कोण आलं?"

"मीच."

नर्सनं मान वर केली. "घरचं दुसरं कोणी?"

"सारे मोहावर गेले."

आत डॉक्टरीणबाईंनी रोशनला टेबलावर निजवलं. गुडघे वाकवले, मांड्या फाकवल्या, टाचा जुळवून पाहिल्या.

"पडला होता का कधी?"

बाहेर बिलाल प्लास्टर बाकावर आपटत होता. ठक. ठक.

"माह्या हातून पडला," सुकरी एका दमात बोलून गेली. "कोणाले सांगू नका, बाई. मले मारा पायजे तर. पण त्याचा पाय पोचूसारखा नको होऊ द्या."

डॉक्टरीणबाईंनी रोशनला उचललं आणि सरळ फरशीवर ठेवलं. पोरगं बदकन बसलं. मग त्यानं टेबलाचा पाय धरला, ढुंगण वर केलं, उभं राहिलं. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

"हाड शाबूत आहे. पाय दोन्ही सारखे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालेल कसा? कोणी खाली ठेवेल तर चालेल ना."

सुकरी रडत रडतच हसली. वाकून त्याला उचलायला गेली.

"राहू दे. नर्सबाई बघतील. तू चाल, त्या फळ्यापर्यंत. एकटी."

"मी?"

"हो."

ती चालली. हात रिकामे, कंबर रिकामी. किती दिवसांनी एवढं हलकं वाटत होतं. फळ्याला बोट लावून ती हसत वळली. डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. त्यांनी तिला पाठमोरं उभं केलं, मानेपासून खाली मणक्यावरून बोट ओढलं. बोट सरळ गेलं नाही. तिची डावी चप्पल उचलून टाच पाहिली. एकाच बाजूनं पार झिजली होती.

"पाठ दुखते?"

"दुखते. निजायच्या वेळी."

रोशन खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता, तरी सुकरीची डावी कंबर त्याच्यासाठी बाहेर निघालेलीच होती.

डॉक्टरीणबाईंनी नवा कागद घेतला.

"नाव?"

"सांगतलं ना बाई. रोशन."

"तुझं."

"सुकरी."

"वर्ग कोणता, बेटा?"

"पाचवी."