दुभाषी क्रमांक तीन

सासऱ्यांनी बाहेरून कडी घातली आणि नेहमीसारखं म्हणाले, "ओढून बघ गं."

सुनेनं आतून दार ओढून पाहिलं. "बसली, बाबा."

दाराची आतली खिटी दोन वर्षांपूर्वी तुटली होती. तेव्हापासून ते दार आपणहून उघडायचं आणि तिच्या भर ऑनलाइन बैठकीत घरातल्या भांड्यांचा आवाज साऱ्या जगाला ऐकू जायचा. सुताराला बोलवायचं चाललं होतं. तोवर कडी. काम संपलं की तिनं टकटक करायचं, त्यांनी उघडायचं. एकदा ते औषधं आणायला गेले आणि ती सव्वा तास आत बसून राहिली. परत आल्यावर इतके ओशाळले की दुसऱ्या दिवशीचा चहा त्यांनीच केला. सुतार मात्र राहिला तो राहिलाच.

दाराला लागूनच टेबल. तिनं हेडफोन चढवला. पडद्यावर चाळीस चौकटी उघडल्या, चाळीस घरं. कुणाच्या मागे पुस्तकं, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. ही बैठक दर महिन्याला भरायची. देशोदेशीच्या बायका आणि पुरुष, म्हातारे आणि तरुण एकमेकांचं ऐकून घ्यायचे. ऐकत गेलं की जग जवळ येईल, असा त्यांचा विश्वास होता. तिचाही होता. तिची चौकट तेवढी काळी असायची, खाली लिहिलेलं, 'दुभाषी क्रमांक तीन'. नियम दोनच. जो बोलेल त्याच्या जागी 'मी' म्हणायचं, आणि पदरचं काही घालायचं नाही.

बाजूला एक पत्र उघडं होतं. पुढच्या महिन्यात ही मंडळी पहिल्यांदाच समोरासमोर भेटणार होती, परदेशात, आठ दिवस. त्यांना चार दुभाषी हवे होते आणि त्यात तिचं नाव होतं. होकार आजची बैठक संपेपर्यंत कळवायचा होता. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, बाबांना विचार. बाबा म्हणाले, त्याला विचारलंस का. असे तीन आठवडे गेले. दोघेही इतक्या प्रेमानं बोलायचे की भांडायलासुद्धा कुणी हाताशी सापडेना.

आज बोलायची पाळी सासऱ्यांची होती. निवृत्त मुख्याध्यापक, त्यांचं नाव तिनंच सुचवलेलं. पलीकडच्या खोलीत इस्त्रीचा सदरा घालून ते बसले होते. त्यांचा आवाज तिला दोनदा यायचा, आधी दारातून, मग कानात.

ते छान बोलले. थोरांनी कधी गप्प बसावं, पुरुषांनी कुठे मागे सरावं, हे त्यांनी वर्गात समजावून द्यावं तसं दिलं. ती एकेक वाक्य उचलून तिकडच्या भाषेत ठेवत गेली. मग त्यांनी घसा साफ केला. "माझ्या घराचंच सांगतो. मी माझ्या सुनेला पूर्ण मोकळीक दिली आहे. तिनं नुसतं म्हणावं आणि निघावं."

ती थांबली. दुभाष्यानं थांबायचं नसतं. मग तिनं सांगून टाकलं, मी माझ्या सुनेला पूर्ण मोकळीक दिली आहे. चौकटीचौकटीतून अंगठे वर झाले. वाक्य सुरेख उतरलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

एका चौकटीतल्या मुलीनं हात वर केला. विशीतली, केस ओले, बहुतेक धावतपळत येऊन बसलेली. तिचा प्रश्न सुनेनं सासऱ्यांच्या कानात आपल्या भाषेत घातला. "आजोबा, हे मला तुमच्या सुनेकडूनच ऐकायला आवडेल. कुठे आहेत त्या?"

दुभाषी हीच त्यांची सून, हे त्या बैठकीत तिच्याखेरीज त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

"ती आत कामात आहे," ते म्हणाले. आवाजात खरोखरीची काळजी होती. "तिला मध्येच उठवायला नको."

बैठक संपायला अकरा मिनिटं होती.

तिनं तिकडच्या भाषेत सांगितलं, ती आत कामात आहे, तिला मध्येच उठवायला नको. आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, दाराला मी बाहेरून कडी घातली आहे.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं पदरचं घातलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

चाळीस चेहरे जागच्या जागी थिजले. सासऱ्यांना तिकडची भाषा येत नव्हती. बोलणं लोकांना भिडलं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी नम्रपणे मान लववली.

ओल्या केसांची मुलगी पडद्याच्या अगदी जवळ आली. तिनं हळू आवाजात एकच प्रश्न विचारला. सुनेनं तो ऐकला, पाण्याचा घोट घेतला. हा प्रश्न आता त्यांच्या कानातही जाणार होता आणि दारातूनही. मुलीनं याही वेळी आजोबाच म्हटलं होतं. तेवढा एक शब्द तिनं बदलला.

"बाबा, ती कडी कोण काढणार?"

बाहेर खुर्ची सरकली. पावलं दारापाशी आली आणि तिथेच थांबली.

तिनं माइक बंद केला नाही. हात लांबवून दार ओढून पाहिलं. कडी खडखडली, चाळीस घरांत.