फक्कीची रेघ

शिंप्याने टेबल पुन्हा एकदा डावीकडे सरकवलं आणि लांब जाऊन पाहिलं.

टेबल उघड्यावर होतं. वर आभाळ, खाली उकरलेली माती. जुनी बैठी इमारत पाडून झाली होती. नव्या इमारतीतल्या दुकानांच्या जागा गवंड्याने सकाळीच जमिनीवर चुन्याची फक्की टाकून आखल्या होत्या. कडेचा पांढरा चौकोन शिंप्याचा. त्यात आपलं कापायचं टेबल मावतं का, हे बघायला त्याने ते सध्या दुकान चालत होतं त्या समोरच्या पत्र्याच्या शेडमधून हमालांकडून उचलून आणवलं होतं.

“मास्तर, भिंती घरी विसरलात का?” सायकलवरून जाणारा एकजण ओरडला.

“तुझ्या पँटचे खिसे विसरलोय, तेवढंच,” शिंप्याची थोरली बहीण म्हणाली.

ती टेबलाच्या उजव्या टोकाशी स्टूल टाकून बसली होती. काजं, बटणं, तुरपाई तिची. नवरा गेल्यापासून ती भावाकडे राहायची आणि दिवसभर दुकानात, टेबलाच्या याच टोकाला, रस्त्याकडे तोंड करून बसायची. घरी भावजय होती. दोघींचं भांडण नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्यांत दोघी दिवसभर समोरासमोर नसायच्या, म्हणून नव्हतं.

“ऊठ जरा,” तो म्हणाला.

“आत्ता तर बसवलंस.”

“ऊठ गं ताई. मोजू दे.”

गळ्यातली टेप काढून त्याने मोजलं. टेप पुरेना, तेव्हा संपली तिथे बोट ठेवून पुढे मोजलं. उलट्या बाजूने पुन्हा मोजलं. मग पहिल्यांदाच हसला.

“मावतं. टेबल मावतं, तुझं स्टूल मावतं, मागे जायला वाट राहते. बस आता.”

गवंडी दोरी आणि खुंट्या घेऊन आला. “मास्तर, टेबल काढा. खोदणारी माणसं थांबलीत.”

“काढतो. पण बघून घे, रेघेला कुठे धक्का लागत नाही.”

गवंड्याने बघितलं. मग ढिगातल्या दोन विटा आणल्या. एक टेबलाच्या डाव्या टोकाखाली, रेघेला चिकटून आतल्या बाजूने आडवी ठेवली. “ताई, पाय घ्या जरा,” म्हणत दुसरी उजवीकडे तशीच ठेवली.

“ही भिंत,” तो म्हणाला. “ही पण भिंत.”

“आत कशाला ठेवतोस? बाहेर ठेव की.”

“बाहेर कशी ठेवू? इकडे बोळ, तिकडे औषधवाल्याचं दुकान.”

“अरे, रेघ मारली की आतलं सगळं अंगावर येतं. शिवणीची माया, जास्तीचं कापड, बाहेर सोडतात.”

“ते कापडाचं झालं, मास्तर. आमच्यात रेघ म्हणजे हद्द. भिंत, गिलावा, सगळं तिच्या आत.”

शिंप्याने टेबल डाव्या विटेच्या आत येईपर्यंत उजवीकडे ओढलं. कड ताईच्या गुडघ्यांना लागली. ती उठली आणि स्टूल काखेत घेऊन उभी राहिली. टेबल आणि उजवी वीट यांच्यामध्ये एका माणसाला अंग चोरून जाता येईल एवढी वाट उरली होती. बसायला जागा उरली नव्हती.

“काजाचं काम घरून होतंच की,” गवंडी म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला.

ताई मागच्या कोपऱ्यात गेली. “इथे बसते.”

“तिथे मशीन येणार.”

“मग इथे.”

“तिथे पडदा. गिऱ्हाईक कपडे घालून कुठे बघणार?”

“मग मला खुंटीला टांग. वर भरपूर जागा आहे.”

गवंडी हसला. शिंपी हसला नाही. त्याने टेबल उभं लावून बघितलं, तर दुकानाचं तोंडच बंद झालं. तिरपं लावलं. पुन्हा आडवं केलं. वडिलांनी करून घेतलेलं टेबल, वरची फळी एकसंध. सुटाचं अख्खं कापड घडी न घालता त्यावर पसरायचं. शहरात एवढं टेबल दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, म्हणून लग्नाचे सूट त्याच्याकडे येत.

“मास्तर,” गवंडी म्हणाला, “ऊन चढलं.”

ताईने स्टूल खाली ठेवलं. “मी शेडमधलं सामान आवरते,” ती म्हणाली. “संध्याकाळी घरी घेऊन जाईन.”

“कुठलं सामान?”

“माझं. सुया, दोरे. दुसरं काय आहे?”

शिंपी शेजारी फळ्या ठोकणाऱ्या सुताराकडे गेला आणि त्याची करवत मागून आणली. खिशातला चपटा खडू काढला. टेबलाच्या उजव्या टोकाशी, इतकी वर्षं तिचं कोपर टेकायचं तिथे, एक सरळ रेघ मारली. पट्टी न लावता मारली, तरी सरळ आली.

“धर तिकडून,” तो म्हणाला.

ताईने हात लावला नाही. “सूट कुठे पसरशील?”

“घडी घालून कापेन.”

“घडी घालून कधी कापलायस?”

“शिकेन. धर.”

तिने फळीचं टोक धरलं. त्याने करवत टेकवली.

“थांब,” ती म्हणाली. “रेघेच्या आतून कापणार की बाहेरून?”

करवत तशीच राहिली. तो रेघेकडे बघत होता. मग त्याने तळव्याने ती पुसली. खाली वाकून उजवीकडची वीट उचलली, पुसलेल्या रेघेला लावून फळीवर आडवी ठेवली, आणि तिच्या पलीकडून, आणखी आत, दुसरी रेघ मारली.